जीपची फुटकी काच

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. बावीस वर्षं टॉवरमध्ये बसून विमानं चढवते-उतरवते आहे. या कामात माणूस एक तर रागीट होतो नाही तर मुका, आणि मला मुकं होणं परवडत नाही, कारण बोलणं हेच काम आहे.

रनवेवर एका वेळी एकच. दुसरं आलं की पहिलं गेलेलं असलं पाहिजे. 'एवढंच तर आहे,' असं माझा नवरा म्हणतो. तो शाळेत भूगोल शिकवतो. "माझ्या वर्गात चाळीस पोरं एकदम शिरतात, त्याला काय म्हणशील?" मी म्हणते, "तुझी पोरं एकमेकांवर आदळली तर टेंगूळ येतं." मग तो गुपचूप पेपर वाचायला लागतो.

घरीही सवय सुटत नाही. सकाळी लेक आणि सासूबाई एकदम न्हाणीघराकडे निघाल्या की मी स्वयंपाकघरातून ओरडते, "तू थांब, आजी आधी." लेक लगेच म्हणते, "थांबते, आजी आधी." सांगितलेलं परत म्हणून दाखवलं नाही तर मी पुन्हा ओरडणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पायलटही तेच करतात, फक्त ते डोळे फिरवतात की नाही ते मला दिसत नाही.

आता लाल पट्टीबद्दल. माझ्यासमोर एक तिरकी फळी असते. दर विमानाला एक कागदाची पट्टी, प्लास्टिकच्या पकडीत बसवलेली, त्या फळीवर वरून खाली सरकत येते. मधली खाच रनवेची. विमानाऐवजी माणूस किंवा गाडी रनवेवर गेली की त्या खाचेत लाल पट्टी बसवायची. ती तिथं आहे तोवर कुणालाही उतरू द्यायचं नाही, मग तो आकाशात कितीही कुरकुर करो. जिनं बसवली तिनंच काढायची, आणि तीही 'रनवे मोकळा केला' असं कानांनी ऐकल्यावर. आमच्या लाल पट्टीचा एक कोपरा उडालेला आहे. अंधारातही मी ती बोटांनी ओळखेन.

ही पट्टी बहुतेक वेळा काकांसाठी लागते. काका म्हणजे रेडिओवर 'जीप एक'. रनवेवर पडलेले खिळे, रबराचे तुकडे उचलायचे, टिटव्या हाकलायच्या, हे त्यांचं काम. निवृत्तीला एक वर्ष उरलंय, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे आहेत आणि तरी मला ताई म्हणतात. दिवसातून सहा वेळा ते त्या लांबलचक काळ्या पट्ट्यावर एकटे जातात, वाकतात, पाठ करून उभे राहतात. पाठीमागून काय येतंय ते त्यांना दिसत नाही. त्यांच्या वतीनं मी बघायचं, असा आमचा न बोललेला करार.

काकांच्या जीपची उजवीकडची काच फुटकी होती. फुटकी म्हणजे नव्हतीच. काकांनी तिथं पुठ्ठा लावून पाहिला, तो पहिल्याच दिवशी उडाला आणि तोच उचलायला त्यांना परत रनवेवर जावं लागलं. त्या भोकातून असा वारा घोंघावत यायचा की त्यांचं बोलणं वाऱ्यातून निवडून घ्यावं लागायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नोंदवहीत मी तीनदा लिहिलं, 'जीप एकची काच बसवा, वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नाही.' तिसऱ्या वेळी 'नीट' खाली दोन रेघा मारल्या. शेवटी काच आली. त्याच दिवशी आली, ज्या दिवसाचं मी सांगणार आहे.

पण त्याआधी माझ्या झोपेचं सांगायला हवं.

आम्ही चार जणांचं काम तिघं करत होतो. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या फिरतात, आणि माणूस कमी असलं की भराभर फिरतात. शरीर बिचारं विचारतं, आता उठायचं की झोपायचं? मी त्याला म्हणते, गप बस. आणि झोपले तरी काय, डोळे मिटले की मी टॉवरमध्येच. भयंकर स्वप्नं नव्हेत हो. भयंकर असती तर दचकून जाग तरी आली असती. स्वप्नात सगळं कसं छान चालायचं. आभाळ दुधासारखं पांढरं. ऊन नाही, सावली नाही. विमानं आवाज न करता यायची, वाळत घातलेल्या चादरींसारखी हलकी. मी 'उतरा' म्हणायची, ती उतरायची, आणि जाताना प्रत्येक पायलट माझ्या आईच्या आवाजात म्हणायचा, 'बरं बाळा.' वारा दाखवणारी ती केशरी कापडी नळी, विंडसॉक, खांबाला नुसती लोंबत असायची. आठ तास झोपले की आठ तासांची आणखी एक पाळी भरायची. उठायची ती दमूनच.

हल्ली त्यात एक भर पडली होती. स्वप्नात केलेलं आणि खरोखर केलेलं एकाच कपाटात जाऊन पडायला लागलं होतं. परवा सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझी दुपारची गोळी?"

"दिली की मघाशी."

"कधी गं?"

मला सगळं आठवत होतं. गोळी, पाण्याचा पेला, पेला परत देताना त्यांची गार बोटं. पाकीट उघडून पाहिलं तर गोळी जागच्या जागी. सासूबाईंनी फक्त गोळी घेतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला उगाचच रडू फुटलं.

टॉवरच्या खणात एक फॉर्म असतो. 'आज कामावर बसण्याइतकी माझी विश्रांती झालेली नाही' असं त्यावर छापलंय, खाली सही करायची. भरला की घरी पाठवतात म्हणे. भरून कुणी पाहिलेलं नाही, कारण आपण घरी गेलो की शेजारच्याच्या डोक्यावर दोन खुर्च्या. त्या फॉर्मांचा अख्खा गठ्ठा आम्ही डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला होता. टेबल त्यानंतर हललं नाही.

तर त्या दिवशी दुपारचे पावणेतीन. शेजारचा जोडीदार जेवायला खाली गेलेला. त्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो, कारण तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतो आणि तरीही उशीरच करतो. तिसरा तापानं घरी. म्हणजे जमीनही माझी, आकाशही माझं. वर काचांमधून ऊन आत येत होतं आणि रनवेच्या दूरच्या टोकाला झळांचं तळं झालं होतं. मधे जरा उंचवटा आहे, त्यापलीकडचं काही असल्या उन्हात दिसत नाही. हेडसेटचा पट्टा कपाळाला चिकटला होता.

"टॉवर, जीप एक." वाऱ्याच्या घोंघाटातून काका. "पायलटनं सांगितलंय, मधे काहीतरी चकाकतंय. जाऊ का?"

"जा काका. लवकर या. उतरायला एक आहे, दहा मिनिटांवर."

"जातो, लवकर येतो." आणि मग नेहमीसारखं, नियमात न बसणारं, "काच आलीय बरं का ताई! मागच्या सीटवर आहे. आता येऊन बसवतोच. मग माझा आवाज ऐकून दचकाल."

"बसवा एकदाची," मी म्हटलं, आणि लाल पट्टी खाचेत बसवली.

जीप उंचवट्यापलीकडे गेली आणि झळांमध्ये विरघळली. मी बघत बसले. एका विमानाला जागेवर थांबायला सांगितलं, एकाला इंजिन सुरू करू दिलं. मग सगळीकडे शांत झालं. अशी शांतता फार गोड असते. कुणी काही मागत नसतं.

मग जीप एक म्हणाली, "रनवे मोकळा केला." स्वच्छ आवाज, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. मी "बरं काका" म्हटलं, लाल पट्टी उचलली आणि बाजूच्या डब्यात टाकली. खट्ट असा आवाज झाला. बाहेर ऊन पांढरंशुभ्र पडलं होतं.

उतरणारं विमान बोललं. दिवे लागलेले दिसत होते, दूर, दोन थेंब. मी फळीकडे पाहिलं. रनवेची खाच रिकामी. सगळं कसं जागच्या जागी. उतरायची परवानगी देताना वारा सांगावा लागतो, तसा नियमच आहे. मी समोरच्या काट्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "वारा डावीकडून, अठरा. उतरायला मोकळं."

"वारा डावीकडून अठरा, उतरतोय," पायलट म्हणाला. त्याचाही आवाज पेंगुळलेला.

अठरा. तो आकडा माझ्या तोंडात राहिला. मी बाहेर विंडसॉककडे पाहिलं. केशरी नळी हवेनं टच्च भरून आडवी ताणली होती, खांब थरथरत होता. एवढा वारा. आणि काकांचा आवाज एवढा स्वच्छ कसा आला? काच तर मागच्या सीटवर आहे.



मला वाटतं तीन सेकंद गेले असतील. त्या तीन सेकंदांत मी किती विचार केले, काय सांगू! काकांनी काच बसवली असेल. एका हातानं धरून ठेवली असेल. वारा मधेच पडला असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. मग माझ्या तोंडातून ओरडणं बाहेर पडलं. बावीस वर्षांत माइकवर मी एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. "उतरू नका! वर जा, फिरून या! वर जा!"

"वर जातोय," पायलट म्हणाला. आता तो टक्क जागा झाला होता. विमानाचं नाक उचललं गेलं, पोट दिसलं, चाकं दिसली. रनवेवरून ते गेलं ते इतक्या खालून की त्याची सावली त्याच्या चाकांना लागलीय असं वाटलं. उंचवट्यावरून पलीकडे गेलं. टॉवरच्या काचा झणझणल्या.

मग काहीच नाही. मी 'जीप एक' अशी हाक मारली.

"टॉवर..." वारा, नुसता वारा, आणि त्यात काका. "टॉवर, जीप एक. ताई, हे डोक्यावरून काय गेलं? मी खाली बसून नट काढत होतो. टोपी उडाली माझी."

"बाहेर या," मी म्हटलं. "काका, आधी बाहेर या."

"येतो." जरा वेळानं, घोंघाटातून, "रनवे मोकळा केला."

मी लाल पट्टी डब्यातून काढून मांडीवर घेतली. ती डब्यात होती. म्हणजे काकांचं बोलणं स्वप्नातलं, पण हात खरा हलला होता. माझे हात माझ्याशिवाय काम करायला शिकले होते. त्या हातांची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

विमान फिरून आलं आणि नीट उतरलं. तोवर घड्याळ धापा टाकत जिन्यावरून वर आला होता, लिफ्ट बंद होती म्हणून. मी त्याला हेडसेट दिला. मागोमाग साहेब आले. आमचे साहेब वाईट नाहीत. तीन वर्षं वरच्यांकडे माणसं मागून मागून त्यांचा घसा बसलाय.

"टिटव्या होत्या का?" त्यांनी विचारलं. "टिटव्याच असणार. मी लिहितो, रनवेवर पक्षी दिसल्यामुळे विमान फिरवलं. काय? तुम्ही वेळेत फिरवलंत, शाब्बास. पाणी प्या."

मी पाणी प्यायले. खरं सांगते, मला ते वाक्य फार आवडलं. रनवेवर पक्षी दिसल्यामुळे. किती साधं, किती मऊ. त्यावर डोकं टेकून झोपावं असं. कुणाचंच काही गेलं नव्हतं. माझी खुर्ची, लेकीसमोरचा माझा ताठा, घड्याळवर पडणारं दुप्पट काम, सगळं त्या एका वाक्यानं वाचत होतं.

तेवढ्यात काका आले. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून, टोपीशिवाय. त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं. केस अगदी विरळ, लहान मुलासारखे उभे. तळहातावर अंगठ्याएवढा नट होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि चक्क हात जोडले.

"ताई, तुम्ही होतात म्हणून घरी जातोय आज."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्यावर डाफरले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांनी हात जोडले.

"हात खाली घ्या काका," मी म्हटलं. "घ्या म्हणते ना! पायलटची चूक नाही, टिटव्या नव्हत्या. मीच त्याला उतर म्हटलं होतं. तुम्ही रनवेवर असताना. मला झोप लागली होती. झोपेत तुम्ही म्हणालात, मोकळा केला. आणि मी पट्टी काढली. त्या आवाजात वारा नव्हता हे मागाहून लक्षात आलं, म्हणून ओरडले."

घड्याळनं एकदा वळून पाहिलं आणि परत समोर बघायला लागला. काका उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी, तो सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नटाकडे. मग जिना उतरून गेले.

मी खाली वाकले, टेबलाच्या पायाखालचा गठ्ठा ओढून काढला. टेबल डुगडुगायला लागलं.

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "हे कागदावर आलं की मला तुम्हाला बसवता येणार नाही. चौकशी होईल. महिने लागतील. खुर्ची परत मिळेलच असं नाही."

"ठाऊक आहे."

"आणि इथे कोण बसणार?"

"साहेब, ते तीन वर्षं मीही विचारतेय!" माझा आवाज चढला. "मी बसले होते म्हणूनच तुम्हाला कधी उत्तर शोधावं लागलं नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. फॉर्म भरून झाल्यावर मी तो त्यांच्या हातात दिला, आणि भिंतीवरच्या पाळ्यांच्या फळ्यावर माझ्या नावाच्या खाचेत लाल पट्टी बसवली. उडालेला कोपरा बोटाला लागला. मग आठवलं, ती पट्टी तर घड्याळला लागणार. काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. तमाशा करायचीही सोय नाही या नोकरीत.

खाली दाराशी जीप उभी होती, इंजिन चालू. काका आत बसलेले. टोपी सापडली होती बहुतेक, डोक्यावर होती.

"बसा," ते म्हणाले. "फाटकापर्यंत सोडतो. तुमचे मालक तिथं येतात ना न्यायला?"

मी बसले. मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच होती. जीप कुंपणाच्या कडेच्या रस्त्याला लागली आणि फुटक्या खिडकीतून वारा आत घुसला. केस तोंडावर आले. मी ते बाजूला केले नाहीत.

"काका, तुम्ही रागावलात."

"घाबरलोय," ते म्हणाले. "राग उद्या येईल कदाचित. आला की सांगतो."

मला हसू आलं आणि रडूही. काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, नीट, शब्द जुळवून. पण वारा कानात भरला होता आणि गवत एका बाजूला झुकून पळत होतं. मी डोळे मिटले. पांढरं आभाळ आलंच. विमानंही आली, ओळीनं. पण या वेळी विंडसॉक फडफडत होता. चादरींसारखी ती विमानं वाऱ्यानं एकेक करून उडाली, दूर गेली, आणि फळी रिकामी झाली. कुणी 'बरं बाळा' म्हटलं नाही. मग आभाळही गेलं.

जागी झाले तेव्हा उजेड उतरला होता आणि जीप फाटकाशी उभी होती. नवरा स्कूटरजवळ हाताची घडी घालून.

"चार वेळा समोरून गेलात!" तो म्हणाला. "मी आपला हात करतोय, आणि हे तोंडावर बोट ठेवून पुढे जातायत. अगं, झालंय काय?"

"सांगते," मी म्हटलं. "घरी गेल्यावर सगळं सांगते."

मी उतरले. काकांनी मागच्या सीटवरून काच काढली, जपून, दोन्ही हातांनी, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत नेऊन भिंतीला टेकवून ठेवली.

"आता तरी बसवून घ्या काका," मी म्हटलं. "मी काही उद्यापासून नाही कटकट करायला."

"नको." त्यांनी हात झटकले. "तुम्ही नसाल, पण तिथं कुणीतरी बसेलच की. आणि तेही दमलेलंच असणार."

मग ते जीपमध्ये बसले आणि दिवसाची शेवटची फेरी मारायला रनवेकडे गेले.